तारिणी काय म्हणाली

अर्धापूरपासून दोन कोसांवरच्या त्या गावात अंतराळाचा विषय निघाला, की लोक अजूनही भुजंगरावांकडे बघतात. आता भुजंगराव म्हणजे कुणी शास्त्रज्ञ नव्हेत. केळीचे शेतकरी, वय सहासष्ट, शिक्षण दहावी, तीही दुसऱ्या खेपेला. विमानात कधी बसले नाहीत, लातूरच्या पुढे फारसे गेले नाहीत. तरीही पस्तीस-छत्तीस वर्षांपूर्वी त्यांनी अख्ख्या गावाला दर रविवारी सकाळी तारांगणात फिरवून आणलं होतं. आणि त्या फेरफटक्यात केलेली एक लबाडी त्यांच्या जिवाला आजवर लागून राहिली होती.

ग्रामपंचायतीत टीव्ही आला त्याच वर्षी ‘ध्रुवयान’ नावाची अंतराळयानावरची हिंदी मालिका सुरू झाली. टीव्ही चांगला मोठा, पण पहिल्याच महिन्यात त्याच्या आवाजाला काहीतरी झालं, आणि ग्रामपंचायतीच्या बाकीच्या कामांसारखंच ते दुरुस्तीचं कामही उद्यावर पडत गेलं. समोर दीडशे माणसं आणि आवाज डासाएवढा. त्यातून ती हिंदी नांदेडच्या बाजारातली नव्हती, पुस्तकातली होती. मग लोकांनी भुजंगला पुढे बसवलं. श्रावणात देवळात पोथी लागायची, तेव्हा महाराज ओवी वाचून थांबायचे आणि अर्थ भुजंग सांगायचा. तीच रीत इथे लावली. टीव्हीच्या पेटीला कान लावून ऐकायचं आणि मोठ्याने अर्थ सांगायचा. फरक एवढाच, की महाराज थांबत असत, टीव्ही काही थांबत नव्हता.

त्यामुळे ऐकू येई ते सांगायचं आणि न ऐकू येईल तिथे ठोकून द्यायचं, असा कारभार सुरू झाला. यानावर छप्पन नावाचा एक यंत्रमानव होता. तो कधी जेवत का नाही, असं एका म्हातारीने विचारलं तेव्हा भुजंग बेधडक म्हणाला, ‘‘त्याला रोजचीच एकादस हाय.’’ त्या दिवसापासून बायाबापड्या छप्पनकडे आदराने बघू लागल्या. कप्तान भलताच तिरसट होता, त्याला भुजंगने थोडा माणसात आणला. पण गावाची खरी लाडकी होती तारिणी, यानाची वाट ठरवणारी, आकडेमोडीत पक्की. शेजारच्या आप्पासाहेबांची शिवगंगा तर तिच्या पायी वेडी झाली होती. बारा वर्षांची पोर अंगणभर खडूने ग्रहांचे फेरे काढायची आणि सडा टाकायला निघालेल्या आईशी त्यावरून भांडायची.

गावातली शाळा सातवीपर्यंत. पुढे अर्धापूर गाठावं लागे. आप्पासाहेब माणूस वाईट नव्हता, पण हेकट. सातवी झाली की पोरीचं शिक्षण बंद आणि दोन-तीन वर्षांत तिला उजवून टाकायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. घरात कुणाची त्यांच्यापुढे बोलायची टाप नव्हती, आणि कुणी बोललंच तर ते त्यांच्या कानापर्यंत जात नसे.

मग आला अकरावा भाग. त्यात तारिणीच्या हातून गणित चुकतं, यान भरकटतं आणि कप्तान तिला मोहिमेतून काढून टाकतो. पाठमोरी तारिणी यानाच्या लांबलचक बोळातून दाराकडे चालत जाते. चांगली दोन मिनिटं ती नुसती चालते. लोकांचा जीव टांगणीला लागला.

‘‘भुजंगा, काय म्हणून राहिली रं ती?’’ खुद्द आप्पासाहेबांनीच विचारलं.

भुजंगने पेटीला कान लावला. आत बारीक वाद्यं वाजत होती, शब्द एकही नव्हता. त्याने मान वर केली. समोर आप्पासाहेब बसले होते आणि त्यांच्या मागे शिवगंगा, तोंड एवढंसं झालेलं. भुजंग म्हणाला, ‘‘ती म्हणती, मला दारापर्यंतच आणून सोडायचं होतं, तर चालायला कशाला शिकवलं?’’

आप्पासाहेबांची मान नकळत डोलली. दुपारी आप्पासाहेब केळीच्या बांधावर आले, बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले आणि मग हळूच विचारलं, ‘‘खरंच असं म्हणली का रं ती बाई?’’

‘‘हाव,’’ भुजंग म्हणाला. ‘‘माझ्या कानानं ऐकलंय.’’

जूनमध्ये शिवगंगाचं नाव अर्धापूरच्या शाळेत दाखल झालं.

झालं ते चांगलंच झालं, असं कुणीही म्हणेल. भुजंगरावांनाही तसंच वाटे. पण पोथीचा अर्थ सांगणाऱ्याने पदरचं घालायचं नाही, हा त्या देवळाचा दंडक होता. एकादशीची गंमत वेगळी आणि शेजाऱ्याने भरवशाने विचारल्यावर तोंडावर हाव म्हणणं वेगळं. आप्पासाहेबांनी विश्वास टीव्हीवर ठेवला नव्हता, अर्थ सांगणाऱ्यावर ठेवला होता. पुढच्या श्रावणात भुजंगने घसा बसल्याचं निमित्त केलं आणि पोथीसमोरची जागा सोडली ती कायमची. दहा वर्षांपूर्वी आप्पासाहेब गेले. त्यांना खरं सांगायचं राहूनच गेलं.

शिवगंगा आज लातूरच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. दरवर्षी नव्या मुली वर्गात आल्या, की ती त्यांना तारिणीचं ते वाक्य सांगते. दिवाळीला गावी आली, की आईच्या आधी भुजंगकाकांच्या पाया पडते, आणि भुजंगरावांना त्या वेळी पाय कुठे लपवावेत ते कळत नाही.

इथवर सगळं झाकलेलं होतं. पण कुणीतरी ‘ध्रुवयान’च्या जुन्या फिती हुडकून काढल्या आणि सगळे भाग मोबाईलवर आले. लगोलग नांदेड-लातूरच्या जुन्या प्रेक्षकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप झाला, आणि त्या ग्रुपचा मेळावा लातुरात ठरला.

‘‘काका, तुम्ही यायचंच,’’ शिवगंगाचा फोन आला. ‘‘मोठ्या पडद्यावर अकरावा भाग लावणार आहेत. मी मुद्दाम पुन्हा बघितला नाही, तुमच्यासोबतच बघायचा म्हणून. आणि नंतर तारिणीवर मीच बोलणार आहे.’’

भुजंगरावांनी नात तनुजाच्या मोबाईलवर तो भाग तीनदा बघितला होता. कान लावून बघितला, आवाज वाढवून बघितला. तारिणी काही म्हणत नव्हती. आता भर सभेत पोरगी उभी राहून ते वाक्य सांगणार आणि लोक हसणार. हसू देत मेले. पण आपलं सगळं आयुष्य काकांच्या थापेवर उभं आहे, हे तिला तिथे कळणार, आणि मग दिवाळीला ती आपल्या दारात यायची नाही. जे काय सांगायचं ते आपणच आधी सांगायचं, असं ठरवून त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं आणि सकाळची एसटी धरली.

ठरवणं सोपं असतं. स्टँडवर शिवगंगा स्कूटर घेऊन आली होती. मागे बसल्यावर वाऱ्यात काही ऐकू जाईना, आणि उतरल्यावर माणसांनी गराडा घातला. मेळावा एका शिकवणीच्या हॉलमध्ये होता. फळ्यावर कालचं रसायनशास्त्र तसंच होतं आणि त्याखाली खडूने लिहिलं होतं, ‘आवडतं पात्र कोणतं आणि का?’

चाळीसेक माणसं असतील. नांदेडचे रेणुकादास कचेरीतून निवृत्त झालेले. ते कप्तानाच्या बाजूने हिरिरीने उभे राहिले. असा शिस्तीचा अधिकारी आमच्या कचेरीत असता तर एकही फाईल अडली नसती म्हणाले. अपूर्वा नावाच्या बाईंनी छप्पनची बाजू घेतली. तेव्हा शिवगंगा उत्साहाने म्हणाली, ‘‘आणि त्याची ती एकादशी!’’ हॉलमध्ये कुणालाच काही कळलं नाही. ‘‘कोणत्या भागात?’’ अपूर्वाबाईंनी नम्रपणे विचारलं. शिवगंगा गोंधळली आणि भुजंगराव खुर्चीत अंग चोरून बसले.

तेवढ्यात मेळाव्याची जमवाजमव करणारा गंधार उठला. विशीतला पोरगा, पण सगळे भाग त्याला पाठ. तो म्हणाला, ‘‘माझ्या मते तारिणी सगळ्यात कच्ची लिहिलेली आहे. एवढा अन्याय होतो आणि ती एक शब्द बोलत नाही. आता अकरावा भाग लावतो, बघा तुम्हीच.’’

शिवगंगा ताडकन उभी राहणार, तोच भुजंगरावांनी तिचा हात धरला. ‘‘पोरी, आधी बाहेर चल.’’

बाहेरच्या पडवीत चहाचा थर्मास ठेवला होता. भुजंगराव थर्मासकडेच बघत म्हणाले, ‘‘ते पोरगं खरं सांगून राहिलं. तारिणी काहीच म्हणत न्हाई. म्या म्हणलो होतो.’’

शिवगंगा आधी हसली. मग तिला त्यांचा चेहरा दिसला.

‘‘म्हणजे बाबांना तुम्ही खोटं सांगितलं?’’

‘‘हाव.’’

‘‘आणि मला? छत्तीस वर्षं, काका! वर्गातल्या पोरींना शपथेवर सांगते मी ते. एकदा तरी सांगायचं!’’ तिचा आवाज चढला आणि डोळे भरून आले. भुजंगराव खाली मान घालून उभे राहिले. रागावण्याचा तिचा हक्क होता, आणि तो तिला पुरता बजावू देण्याइतकं शहाणपण त्यांच्यात होतं.

मग पदराने डोळे पुसत ती म्हणाली, ‘‘निदान रचलंत तरी चांगलं.’’

‘‘रचलं न्हाई, बाई. मला कुठलं सुचतंय असलं? आप्पाला म्या म्हणलो ना, माझ्या कानानं ऐकलं म्हणून, तेवढं खरं होतं. त्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. आमच्या केळीत पाणी धरून राहिलो होतो. बांधापलीकडं आप्पा केळीच्या बुडाला फुटलेली पिलं काढत बसलेला, आणि तुझी माय त्याच्या म्होरं उभी. ती म्हणली, पोरीला दारापर्यंतच आणून सोडायचं होतं, तर चालायला कशाला शिकवलं? आप्पानं मान बी वर केली न्हाई. माझ्या डोक्यात बसलं ते. म्हणलं, घरच्या बाईचं याला ऐकू येत न्हाई, टीव्हीतल्या बाईचं येतंय का बघू.’’

शिवगंगा भिंतीला टेकली. आई, म्हणजे केवळाबाई. त्या ध्रुवयानाला कायम नाक मुरडणारी, ‘मला काय कळतंय त्यातलं’ म्हणत बायांच्या शेवटच्या रांगेत तांदूळ निवडत बसणारी. शिवगंगाने फोन काढला आणि गावी लावला. एका दमात सगळं सांगितलं आणि ती ऐकत राहिली. हळूहळू तिच्या कपाळावरची आठी गेली. मग ती रडता रडता हसायला लागली.

‘‘तिला तेव्हाच कळलं होतं,’’ ती भुजंगरावांना म्हणाली. ‘‘म्हणते, माझंच बोलणं अवकाशातून माघारी आलं आणि तुझा बाप मान डोलवून राहिला, मग मी कशाला मधी तोंड घालू? घ्या. तुमच्याशी बोलायचंय तिला.’’

भुजंगरावांनी दोन्ही हातांनी फोन कानाला लावला. ‘‘वहिनी, चुकलं माझं.’’

‘‘चुकलंच,’’ केवळाबाई म्हणाल्या. सत्तरीतही आवाज ठणठणीत. ‘‘भावजी, त्या दिशी बांधावर म्या दोन गोष्टी बोलले व्हते. तुमी एकच सांगितली. दुसरी गाळली.’’

भुजंगरावांना ती लख्ख आठवली. ‘‘गाळली, वहिनी. तारिणीच्या तोंडी कशी शोभली असती ती?’’

‘‘आता हाय का तारिणी तिथं?’’

‘‘न्हाई.’’

‘‘मंग सांगा तिला. माझ्यानं आजवर सांगणं झालं न्हाई. लाज वाटती.’’ आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

आत हॉलमध्ये दिवे मालवले गेले होते. मालिकेचं सुरुवातीचं संगीत लागलं होतं आणि गंधार दारातून खुणावत होता. शिवगंगाचं तिकडे लक्ष नव्हतं.

‘‘काय म्हणाली आई?’’ तिने विचारलं.

भुजंगरावांनी घसा साफ केला. त्यांनी एक अक्षर पदरचं घातलं नाही.

‘‘ती म्हणती, म्या बी चौथीत पैली आले व्हते.’’