अण्णाची आकाशगंगा आन् आप्पांची काठी

मंडळाच्या दोस्तांनो, तोंडानं सांगायला लाज वाटती, म्हणून फळ्यावर लिवतोय. आज दुपारी आमच्या घरात रक्त सांडलं.

माझा थोरला भाऊ अण्णा कॉलेजात आकाशगंगा कशी बनती ते कॉम्प्युटरवर करून बघतो. आज त्यानं मला ते आमच्या घरच्या सूत रंगवायच्या टाकीत दाखवलं. काठीनं पाणी गरागरा फिरवलं आन् मधोमध रंग टाकत गेला.

"एकेक थेंब म्हंजे फुटलेला तारा, पोटातला माल भवती सांडणारा. मधी लई तारे फुटत्यात, म्हणून तिथला माल घट्ट," अण्णा म्हणाला.

टाकीत गिऱ्हाइकाच्या लग्नाच्या साडीचं सूत हुतं. ते सारखं उलटंपालटं करायला लागतंय, पण बोलायच्या नादात आमी दोघंबी इसरलो. सूत मधी लालभडक, कडंला फिक्कं निघालं.

"हेच शिकतोस व्हय रं? कॉलेज बंद!" आमच्या वडलांनी, आप्पांनी, तीच काठी अण्णाच्या डोक्यात घातली. परत उचलली तवा मी धरली. माझा तळवा सोलला.

"मला शाळंतनं काढलासा, त्याला न्हाय काढू देणार!" मी वरडलो.

अण्णा रक्त पुसत म्हणाला, "आज तूबी ताऱ्यागत फुटलास की रं!"

उद्या अण्णाची कॉलेजला जायची गाडी हाय. आप्पांनी कॉलेज बंदचा हुकूम अजून मागं घेतला न्हाय. तुमच्यातलं कोण येऊन त्यास्नी समजावतंय?