हयातीचा पुरावा

नंदुरबारच्या सरकारी कचेऱ्यांत माझ्या थोरल्या मावशीचा जेवढा धाक आहे, तेवढा अचानक तपासणीला आलेल्या मोठ्या साहेबांचाही नसेल. साठी उलटलेली, जेमतेम पाच फुटांची ही बाई पिशवी घेऊन फाटकातून आत शिरली, की निम्म्या खुर्च्यांना एकदम दौऱ्यावर जायचं आठवतं. पिशवीत शाईचं पॅड, स्टेपलर, डिंकाची बाटली आणि प्रत्येक कागदाच्या सात झेरॉक्स. कचेरीत काय नसतं, याचा तिचा अभ्यास दांडगा. ‘साहेब जेवायला गेलेत,’ असं कोणी म्हटलं तर ती तिथेच बाकावर कळण्याची भाकरी सोडते आणि शिपायालाही चतकोर देते.

हे सगळं लेकीसाठी. सोनी बावीस वर्षांची. जन्मापासून हातपाय आखडलेले, बोलणं नाही, हसणं मात्र भरपूर. तिला अपंगत्वाचा दाखला मिळाला तोही पाच वर्षांपुरता. तेवढ्या वर्षांत ती चालू लागेल, हा सरकारचा आशावाद मावशीला काही झेपला नाही. मुदत संपल्यावर तिने डॉक्टरांना विचारलं, “बरी व्हई जाई का ही?”

“नाही हो, मावशी.”

“मंग कायमना लिखा ना.”

डॉक्टरांनी कायमचा लिहून दिला. त्या दिवशी मावशी झेरॉक्स न काढताच घरी आली.

गेल्या वर्षी सोनीची पेन्शन थांबली. ती हयात असल्याचा पुरावा नव्हता. मावशी आणि मी तिला चाकाच्या खुर्चीतून घेऊन गेलो. दिव्यांगांचं टेबल पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. म्हणजे जो जिना चढेल त्यानेच अपंगत्व सिद्ध करायचं. मावशीच्या हाका ऐकून शेवटी कारकून अंगठा घ्यायचं मशीन घेऊन खाली आले. सोनीची मूठ उघडेना, अंगठा उठेना.

“समोर बसलेली दिसतेय हो,” ते म्हणाले, “पण मशीनला दिसायला पाहिजे.”

एवढ्यात सोनीने त्यांच्या हातातलं पेन पकडलं. ती एकदा धरते ते सोडत नाही. कारकून ओढताहेत, सोनी खदखदून हसतेय.

“आते लिखा साहेब,” मावशी म्हणाली, “मरेल मानूस पेन धरस का?”

त्यांनी शिपायाचं पेन मागून घेतलं आणि अर्जावर लिहिलं: ‘प्रत्यक्ष पाहिले. हयात आहे.’ पेन्शन सुरू झाली.

परवा मावशीकडे गेलो, तर तिने सोनीच्या पालकत्वाचा अर्ज माझ्यापुढे सरकवला. मावशीच्या नावाखालची, दुसऱ्या पालकाची ओळ रिकामी होती.

“मन्हामांगे इना कागद कोन दखी, भाऊ?”

अख्ख्या कचेरीला हलवणारा तो आवाज इतका हळू येऊ शकतो, हे मला ठाऊक नव्हतं. त्या रिकाम्या ओळीवर मी सही केली. बॉलपेनचीच होती, तरी मावशी कितीतरी वेळ तिच्यावर फुंकर घालत बसली.