आईंचा रकाना

"हे कोण बोलून राहिलं माझ्या रकान्यात?" वसुधाताईंनी लेकीनं वाचून दाखवलेला तक्ता माझ्यापुढे सरकवत विचारलं.

वसुधाताई नागपूरच्या. कॅनडातल्या रेजिनाला मुलीकडे, मृण्मयीकडे, राहतात. मृण्मयीला अमेरिकेच्या दक्षिणेतल्या दोन युनिव्हर्सिट्यांनी नोकरी देऊ केली होती. एक फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलची, दुसरी जॉर्जियातल्या अथेन्सची. दोन्ही मध्यम आकाराची, कॉलेजभोवती वाढलेली शहरं. सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. आई मात्र बरोबर यायला तयार नव्हत्या. नागपूरच्या बंद फ्लॅटमध्ये एकटी राहीन, म्हणत होत्या.

माझं काम रिलोकेशनचं. कुटुंब नव्या गावी जाण्याआधी आम्ही गावांची तुलना करून देतो. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाची वेगळी मुलाखत घ्यायची, त्याला काय हवं ते त्याच्या रकान्यात लिहायचं आणि त्या गोष्टीला वेटेज द्यायचं. म्हणजे त्याला ती जितकी महत्त्वाची, तितके जास्त गुण.

मृण्मयीची मुलाखत झाली होती. आईंची त्या दिवशी तापामुळे राहिली. मी ती पुन्हा ठरवलीच नाही. साठी ओलांडलेली, गाडी न चालवणारी मराठी बाई. तिला काय हवं ते मला माहीत आहे, असं धरून चाललो आणि रकाना स्वतःच भरला.

घरापासून पायी जाता येईल असं ग्रंथालय. जानेवारीत साध्या चपला घालून बाहेर पडता येणं. कॅम्पसवर झाडाखाली बाक. सगळ्याला पूर्ण वेटेज. गेन्सव्हिल सहज पहिलं आलं.

"आई वाचत नाही हो काका," मृण्मयी हळूच म्हणाली. "व्हॉट्सॅपसुद्धा माझ्याकडून वाचून घेते."

"आन् बर्फ मला आवडते," वसुधाताई म्हणाल्या. "नागपूरचं ऊन जन्मभर भोगलं ना भाऊ. ही कोण बाई आहे, चपला घालून लायब्ररीत चालली?"

मी चष्मा पुसला. मग सांगितलं.

सुलभा, माझी पत्नी. मागच्या हिवाळ्यात गेली. गुडघे दुखायला लागल्यापासून बर्फाचे महिने ती खिडकीशी पुस्तक घेऊन काढायची. माझे जुने रिपोर्ट वाचून तिनं गेन्सव्हिल निवडलं होतं. कधी पाहिलं नव्हतं. पण तिथल्या ओकच्या फांद्यांवरून लोंबणाऱ्या, शेवाळासारख्या राखाडी झालरींबद्दल अशी बोलायची, की कालच तिथून आली असावी. "तू रिटायर झालास की जाऊ," म्हणायची. मी रिटायरमेंट दोनदा पुढे ढकलली.

वसुधाताईंनी तक्ता उलटा करून ठेवला. मग म्हणाल्या, "त्यांचा कागद वेगळा ठेवा भाऊ. माझ्यासाठी कोरा काढा."

मी कोरा काढला. "दिवसभर घरी असताना काय हवं?"

"बोलायला माणूस. ही कामावर गेली की संध्याकाळपर्यंत माझा आवाज मलाच ऐकू येत नाही. आठवड्यात एकदा भजन. आन् स्वयंपाकघरात ते कार्पेट नको. पोळ्या लाटताना पीठ सांडते."

"आई, स्वयंपाकघरात कार्पेट कुठेच नसतं."

"लिहून घ्यायला काय जातं त्यांचं?"

मी लिहून घेतलं.

अथेन्सपासून अटलांटा गाडीनं दीडेक तासावर. तिथं मराठी माणसं पुष्कळ. अथेन्समध्येही विचारत विचारत एक घर सापडलं. तिथल्या आजी अकोल्याच्या निघाल्या. मी फोन लावून वसुधाताईंच्या हातात दिला आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसलो. चहा होऊन गेला तरी आतलं बोलणं संपलं नव्हतं. रविवारी मृण्मयीचा मेसेज आला: आई येतेय. अथेन्स.

सोमवारी माझी बॉस लॉरेन फाइल चाळत होती. "दोन रिपोर्ट का?"

"पहिला चुकून दुसऱ्या क्लायंटसाठी लिहिला गेला."

तिनं पहिल्या रिपोर्टवरून नजर फिरवली. सुलभा तिच्या ओळखीची होती. "मग त्या क्लायंटच्या नावानं सेव्ह कर," ती म्हणाली.

मी केला. तेव्हापासून नव्या सहकाऱ्यांना एवढंच सांगतो: मुलाखत झाली नसेल तर रकाना रिकामा द्या. भरण्यासारखं आपल्याकडे पुष्कळ असतं, म्हणून भरू नका.