चंची आणि स्टँडामागची कोरडी खोली

मी चौथीपर्यंत शिकलो, तेही शेतात काम नसेल तेव्हा. लिहिणं वाकडंतिकडं असेल, खोटं नसेल.

बायको गेली तेव्हा तिची चंची मी मागून घेतली. पान-सुपारीची कापडी पिशवी, नाडीनं तोंड आवळायची. लुगडी, भांडी बाकीच्यांनी वाटून घेतली. घेऊ द्या. चंचीत तिनं तिच्या हातानं ठेवलेली पाच-सहा पानं होती, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. मी नाडी सोडली नाही. सोडली तर तिचा हात त्यावरून निघून जाईल असं वाटायचं. बंडीच्या खिशात घालून महिनाभर हिंडलो. सून म्हणाली, "मामंजी, खिशाला वास यायलाय." मी म्हणालो, "नाक धर."

मग डोळ्यांसाठी गंगाखेडला गेलो. डॉक्टरनं डोळ्यात थेंब टाकले, सगळं धुरकट झालं. औषधाची बाटली पांढऱ्या कॅरीबॅगमध्ये दिली. बंडीचा खिसा उसवायला आला होता म्हणून चंचीही तिच्यात घातली आणि गाठ मारली. स्टँडवर केळी खाल्ली, साली दुसऱ्या तसल्याच कॅरीबॅगमध्ये घातल्या. तेवढ्यात राणीसावरगावची गाडी लागली. घाईत एक पिशवी कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि चढलो. घरी येऊन सोडली तर आत केळाच्या साली.

रात्र कशी गेली ते सांगत नाही. सकाळच्या पहिल्या गाडीनं परत गेलो, सालींची पिशवी तशीच हातात.

स्टँडच्या मागं कचऱ्याची खोली आहे. मला वाटलं होतं उकिरडा असेल, नाक दाबून हातानं उकरावं लागेल. तिथं चाळिशीची एक बाई पदर खोचून, रबरी मोजे घालून पोती बांधत होती. उंबऱ्याशी फरशीवर रंगाचा पट्टा ओढलेला. तो ओलांडून मी आत पाय टाकणार तोच ओरडली, "मामा, पट्ट्याच्या बाहेर! आत बाहेरच्या माणसाला परवानगी न्हाई."

"माझी चीज गेली तुमच्या कचऱ्यात."

"हिरव्या डब्यात टाकली का निळ्या?"

"डोळ्यात औषध व्हतं. डबा व्हता एवढंच ठावं हाय."

"हिरव्यात टाकली असंल तर अवघड हाय. वलं इथं रातभर ठेवायचं न्हाई, सांजच्यालाच गाडी नेती. काय व्हतं पिशवीत?"

"बायकोची चंची."

"मंग तिलाच आणायचं ना संगट. तिला तरी डबा आठवला असता."

"महिना झाला तिला जाऊन."

बाईनं हातातलं पोतं खाली ठेवलं. म्हणाली, "उभे ऱ्हावा तिथंच."

मी दारातून पाहत राहिलो. खरं सांगतो, माझ्या घरी धान्याची पोतीसुद्धा कधी इतकी नीट नव्हती. जमिनीची ओल लागू नये म्हणून खाली फळ्या. कागदाची पोती वेगळी, बाटल्यांची वेगळी, फुटकी काच झाकणाच्या पिंपात. वर पत्र्याला एक भोक नाही. दाराशी वाळूच्या बादल्या, आगीसाठी. प्रत्येक पोत्याच्या तोंडाला जुन्या लुगड्याची चिंधी, रोजचा रंग वेगळा, म्हणजे कोणत्या दिवसाचं पोतं ते लांबून कळतं आणि आधीचं आधी बाहेर जातं. वास म्हणाल तर माझ्या खिशाला होता त्याहून कमी.

"कालची चिंधी पिवळी," असं म्हणत तिनं तागाचं फडकं अंथरलं, त्यावर कापडाचं पोतं सोडलं. एकेक चिंधी बाजूला काढता काढता थांबली, मागच्या दोरीवर सुकत घातलेल्या कापडाकडं वळली. "लाल नाडीची का?"

मी मान हलवली.

"मीच काढली काल. बांधलेली पिशवी न सोडता आत घ्यायची न्हाई, म्हणून सोडली. तुमची औषधाची बाटली बी हाय बगा."

हातात घेतली तर चंची सपाट. ओलसर. बोटं आत घातली, काही नाही.

"पानं?"

"वल्यात गेली. सडून चिखल झाला व्हता मामा. धुऊन पिळून टांगली म्हणून चंची तरी ऱ्हायली."

"तुला कुणी सांगितलं व्हतं गं हात लावायला?" मी लई ओरडलो. स्टँडवरची माणसं बघायला लागली.

ती दबली नाही. "काढली नसती तर ह्या कापडाला बुरशी लागली असती. मंग शेजारच्या पोत्याला. एक सडकं आत ऱ्हाऊन चालत न्हाई हितं."

मी तिथंच फरशीवर बसलो. आमच्या घरी रोज दिवेलागणीच्या आधी बायको पानं उलटायची. एकेक पान पुसायची, डाग पडलेलं खुडून फेकायची. लग्नाच्या घरी असो, दवाखान्यात असो, चुकवायची नाही. मी चिडवायचो, पानाची एवढी सेवा, कधी माझी केली नाहीस. म्हणायची, "तुमी सडलाव तर तुमाला बी फेकीन." आणि तिच्यामागं मी तीच पानं महिनाभर खिशात कुजवली, वर त्याला माया म्हणालो.

जाताना बाईला म्हणालो, "चुकलं माय. कामाची लई पक्की हायस."

"ते ऱ्हाऊ द्या. ती हातातली पिशवी कुठं न्यायलाव?"

साली हिरव्या डब्यात टाकल्या. पिशवीही टाकणार तोच मागून आवाज आला, "पिशवी निळ्यात, मामा!"

मग पट्ट्यापर्यंत येऊन तिनं बजावलं, "अजून वली हाय. भुईवर ठेवू नका, हवेला टांगा. सुकल्याबिगर तोंड आवळू नका."

घरी येऊन बाजेच्या उशाशी खुंटीला टांगली, तोंड उघडं ठेवून. सून चहा घेऊन आली. बघून म्हणाली, "रिकामीच, मामंजी?"

"रिकामीच," म्हणालो. "सुकू दे."