ग्लेनिसचे उसने केक

ग्लेनिस,

तुझ्यावर काहीतरी लिहितेय हे कळलं, तर तू आधी विचारशील, "घर आवरलेलं दाखवलंस ना?" दाखवलंय. तिथेच तर घोडं पेंड खातं. आता गप्प बस आणि स्वतःची गोष्ट ऐक. वाचणाऱ्यांना तू ठाऊक नाहीस, म्हणून मी, तुझ्याच गल्लीतली, पुढे तुला 'ती' म्हणते.

ग्लेनिस प्रॉसर वेल्सच्या खोऱ्यात, चढावरच्या घरांच्या रांगेत राहते. खाणी केव्हाच बंद पडल्या, खाणीत राबलेला नवरा एमरिसही गेला. संधिवातानं तिची बोटं वाकडी केली आणि गुडघे धरले. सरकारकडून तिला अपंगत्वाचा भत्ता मिळायचा. कागदावर स्पष्ट लिहिलं होतं, 'कायमचा'. त्या भत्त्यातून एक गाडी भाड्यानं मिळाली होती, पाय न लावता नुसत्या हातांनी चालवायची. दर शुक्रवारी ती आणि नणंद मेअर त्या गाडीतून समुद्रावर जायच्या. बाहेर पाऊस, काचा बंद, मांडीवर गरम चिप्स. दोघी समुद्राकडे बघत गावातल्या सगळ्यांची उणीदुणी काढायच्या. ग्लेनिस यालाच जगणं म्हणायची.

मग पत्र आलं. जुना भत्ता बंद होणार, त्याच्या जागी नवा येणार, त्यासाठी नव्यानं अर्ज करायचा आणि घरी कोणीतरी तपासायला येणार. नव्यात पुरेसे गुण मिळाले नाहीत, तर गाडी परत.

"कायमचा म्हणजे यांच्या लेखी किती दिवसांचा गं?" ग्लेनिसनं विचारलं.

"त्यांना कंटाळा येईपर्यंतचा," मेअर म्हणाली. "आता नीट ऐक. ती माणसं दुखणं मोजायला येतात. घर आवरू नकोस. केस विंचरू नकोस. कशा आहात म्हणून विचारलं की रड."

"परक्या माणसासमोर रडू?"

"मग कण्ह तरी!"

सांगणं सोपं आहे. त्या गल्लीत 'कशी आहेस' याला एकच उत्तर असतं, 'तक्रार नाही'. खाणीत कोळशाच्या वाघिणीखाली पाय सापडला, तेव्हा एमरिसनंही हेच सांगितलं होतं. आणि घरी कोणी येणार असताना उंबरा न घासता ठेवणं? त्यापेक्षा घर विकलेलं बरं. उंबरा शेजाऱ्यानं घासून दिला. खुद्द मेअर, जिनं एवढे धडे दिले होते, ती आदल्या संध्याकाळी डबा घेऊन हजर. बिडाच्या तव्यावर भाजलेले, बेदाणे घातलेले केक. "चहाबरोबर काहीच नाही, असं दिसायला नको," म्हणाली.

तपासायला आलेली नेओमी गोड मुलगी होती. मांडीवर लॅपटॉप, हातात ग्लेनिसच्या लग्नातली बशी.

"किती छान झालेत! तुम्हीच केलेत?"

आता त्या गल्लीत पाहुण्यापुढे दुसरीच्या हातचे केक ठेवणं म्हणजे आपलं घर बुडालं असं कबूल करणं. त्यात दुसरी म्हणजे नणंद! तिचे केक कोरडे होतात, असं ग्लेनिस लग्न झाल्यापासून सांगत आली होती.

"हो. आज सकाळीच."

"एवढा वेळ उभं राहवतं?"

"तासभर. त्यात काय मोठं!"

"आणि सामान आणायला कोणी आहे?"

"कशाला? बेदाणे संपले होते. खालच्या दुकानात चालत जाऊन घेऊन आले."

ते दुकान उताराच्या पार तळाशी आहे. वर येताना धडधाकट पोस्टमनसुद्धा मध्ये भिंतीला टेकतो. नेओमीनं तिसरा केक उचलला आणि सगळं नेमकं लिहून घेतलं.

व्हायचं तेच झालं. भत्ता गेला. गाडी न्यायला माणूस आला, ग्लेनिसनं त्यालाही चहा पाजला.

मेअर भडकली. "काय खोटंनाटं लिहिलंय त्या पोरीनं? दाखव तो कागद."

"चष्मा सापडत नाहीये."

"चष्मा माझ्या नाकावर आहे. तू कागद दे."

"कागदही सापडत नाहीये."

फेरविचाराचा अर्जही फेटाळला गेला. शेवटी अपील. दोन बस बदलून, मेअरच्या खांद्याचा आधार घेत ग्लेनिस सुनावणीला पोचली. टेबलामागे तिघं, एक न्यायाधीश बाई, एक डॉक्टर आणि एक चाकाच्या खुर्चीतले गृहस्थ.

"प्रॉसरबाई," न्यायाधीशांनी कागद उलटला, "तुम्ही तासभर उभं राहून केक भाजलेत, असं इथं लिहिलंय."

मेअरची मान गर्रकन वळली.

"त्या दिवशी जरा बरं होतं," ग्लेनिस पुटपुटली.

"बरं असलं की दुकानातून चढ चढून येता?"

हो म्हटलं की गाडी गेली. नाही म्हटलं की मेअर जन्मभर छळणार. ग्लेनिसनं डोळे मिटले. तिला गाडीची बंद काच दिसली, पाणी ओघळणारी.

"नाही येता येत. दारापर्यंत जाते तेसुद्धा भिंत धरून. बेदाणे मेअरनं आणले. केक मेअरचे."

"मग तुमचे का सांगितलेत?"

"अहो, पाहुणी होती ती! आणि नणंदेचे केक माझ्या बशीतून खाऊन वाहवा करत होती. मी काय करणार?"

डॉक्टरांना खोकला आला. खोकला आवरल्यावर त्यांनी पाण्याची बाटली तिच्यापुढे सरकवली. "एवढं झाकण उघडता?"

ग्लेनिसनं पुष्कळ खटपट केली. मग बाटली मुकाट्यानं मेअरकडे दिली. मेअरनं झाकण उघडलं आणि बाटली परत दिली.

निकाल तिथेच लागला. नवा भत्ता मंजूर झाला, गाडीसकट.

दोघी परतीच्या बसमध्ये बसल्या.

"कोरडे होतात ना माझे केक?" मेअर म्हणाली.

"होतातच."

"तिनं तीन खाल्ले."

"भुकेली होती बिचारी."

"न्यायाधीशांच्या दप्तरी आता माझं नाव आहे, ग्लेन. केक मेअरचे. सरकारी शिक्क्यानिशी."

नवी गाडी आली आणि शुक्रवार पुन्हा सुरू झाले. आणि ग्लेनिस, एका शुक्रवारी मीही मागच्या सीटवर होते; मेअर चिप्स आणायला उतरली, तेव्हा मागे वळून तू मला हळूच म्हणालीस, "तिच्याकडून त्या केकची कृती काढ. तुलाच हवीय म्हणून सांग. माझं नाव घेशील तर बघ." मी मान डोलावली. मेअर रोज भेटते. अजून विचारलेलं नाही; कृती कोणाला हवीय, हे ती लगेच ओळखेल.