एका ‘शे’वर उडालेली विमानं

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी जळगावच्या कॉलेजात संरक्षणशास्त्राच्या तासाला देशाच्या हवाई संरक्षणाची आकृती काढत होतो. वर उपग्रह, खाली रडार, मधे बाण... तो बाण अर्धाच राहिला. दीड महिना होत आला, पण तो फळा डोळ्यांसमोरून हलत नाही.

नाना म्हणजे माझे धाकटे काका. घर धुळ्याला, देवपुरात. पण उमेदीची वर्षं हवाई दलात, सरहद्दीवरच्या रडारपुढे गेली. ते विमान चालवतात अशीच गल्लीची समजूत होती. नानाही ती लगेच दूर करत नसत. निदान चहा येईपर्यंत थांबत. मी पडलो पुस्तकी पंडित. एकदा हट्टानं त्यांना माझ्या वर्गावर नेलं, आणि जे घरात कधी बोलले नव्हते ते त्यांनी तिथं सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीचे दिवस. धुळीचं वादळ उठलेलं, भर दुपारी पडद्यावर एक अनोळखी ठिपका उमटला. साहेबांनी फोनवर विचारलं, "कुछ है?" घाबरलेल्या नानांच्या तोंडून हिंदी निघेचना, घरची अहिराणी निघाली, "शे." म्हणजे, आहे. साहेबांनी ऐकलं हिंदीतलं छे. सहा! लगेच भोंगा झाला आणि तसल्या धुळीत दोन लढाऊ विमानं वर गेली. ठिपका निघाला वाट चुकलेल्या आपल्याच मालवाहू विमानाचा.

वर्गात हशा पिकला. नाना हसले नाहीत. म्हणाले, "परतताना त्या दोघा वैमानिकांना धावपट्टीच दिसेना. मी खुर्चीवरून उठलो, तो दोघांची चाकं जमिनीला लागेपर्यंत बसलो नाही."

जाडजूड ग्रंथांतून मी जी हवाई शक्ती शिकवत होतो, ती आमच्या ओट्यावरच्या एका अक्षरानं आभाळात गेली होती! सातपुड्याच्या पायथ्याकडच्या एका मुलीनं विचारलं, आता अवकाशातून उपग्रह बघतात, मोजायला संगणक आहे, मग अशी चूक व्हायची नाही ना? नाना तिच्याशी अहिराणीतच बोलले. "मशीन बी चुकस, बेटा. पन पोरं खाले येतस तवलोंग ते उभं नही ऱ्हास."

पोरं खाली येईपर्यंत यंत्र उभं राहत नाही, हे वाक्य परीक्षेत विचारता येत नाही, म्हणूनच बहुधा मुलं ते विसरत नाहीत.

परवा धुळ्याला नानीला, माझ्या काकूला, भेटून दुपारच्या बसनं निघालो. ती फाटकापर्यंत आली होती. पारोळ्याजवळ रस्त्याच्या कामात बस खोळंबली आणि जळगावला यायला चांगले चार तास लागले. पोहोचल्याचं कळवायचं माझ्या ध्यानातच राहिलं नाही. चपला काढत होतो, तेवढ्यात तिचाच फोन आला.

"पोचना का रे?"

"हो नानी, आत्ताच."

"मंग आते बसस मी."