वहिनींच्या केसांना शेवटची कात्री

बँकेत सकाळची गर्दी सुरू झाली होती आणि कोकिळाबेनचा फोन आला. कोकिळाबेन माझ्या वहिनींच्या शेजारी राहतात. त्या कधी फोन करत नाहीत, काही असेल तर निरोप धाडतात किंवा स्वतः येऊन उभ्या राहतात. त्यामुळे स्क्रीनवर नाव दिसलं तेव्हाच समजलं. समोरच्या गृहस्थांचं काम मी पुरं केलं, शिक्का मारला आणि मग फोन उचलला. "भाऊजी, आवी जाओ," एवढंच त्या म्हणाल्या... मी "आलो" म्हटलं.

उधन्याला वहिनींच्या घरी पोहोचेपर्यंत डोक्यात कामांची यादी तयार होती. डॉक्टरांचा दाखला, कॅनडात निखिलला फोन, बर्फाची पेटी, गुरुजी, गावाकडच्या लोकांना निरोप. माझा स्वभावच तसा. लोक म्हणतात, घरात काही झालं की याला आधी वही लागते. लागते खरी. त्या यादीतलं सगळं आता उरकलं आहे, खाली काही शिल्लक नाही, आणि म्हणूनच बहुधा गेले काही दिवस फार थकल्यासारखं वाटतं. झोप होते, पण थकवा जात नाही. तेव्हा वहिनींबद्दल चार गोष्टी लिहून काढाव्यात म्हटलं.

वहिनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, सुमनवहिनी. माहेर जळगावकडचं. सुरतेत महापालिकेच्या मराठी शाळेत त्यांनी आयुष्यभर शिकवलं. यंत्रमागावर काम करणाऱ्यांची पोरं त्यांच्या हाताखालून गेली, आज त्या पोरांची पोरं गुजराती शाळेत जातात. वहिनींचा आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं आणि केस... गुडघ्यापर्यंत नसतील, पण कमरेखाली नक्की. सत्तरीला आल्या तरी वेणी मनगटाएवढी जाड होती.

त्यांना सुमोचं वेड लागलं ते दादामुळे. दादा अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळला होता आणि त्याला गावच्या जत्रेतल्या कुस्त्यांची फार आठवण यायची. वहिनींनी एका दुपारी टीव्हीच्या रिमोटला "कुस्ती लाव" असं बजावलं, तर समोर आले दोन अवाढव्य जपानी, कमरेला पट्टा, डोक्यावर बुचडा, मूठभर मीठ उधळत. दादानं थोडा वेळ बघितलं. "हे काय गं? तासभर मीठ फेकतात नि पापणी लवेपर्यंत खेळ खलास! याला काय कुस्ती म्हणतात?" वहिनी म्हणाल्या, "वार्षिक परीक्षेचं तरी दुसरं काय असतं?" दादाचा रस दोन दिवसांत संपला. वहिनींचा त्याच्या माघारीही टिकला. मला वाटतं, दादा गेल्यावर त्या घरात दुपार कशी घालवायची याचं उत्तर त्यांना तिथं सापडलं असावं.

दर दोन महिन्यांनी जपानात मोठी स्पर्धा असते, पंधरवडाभर चालते. आपल्याकडे तेव्हा दुपारची जेवणं चाललेली, नाहीतर नुकती आटोपलेली असतात. त्या पंधरवड्यात वहिनींकडे कुणी लग्नाचं आमंत्रण घेऊन आलं तरी त्याला गप्प बसून कुस्त्या बघाव्या लागत. मीही दुपारच्या सुट्टीत डबा घेऊन तिथं जायचो. पैलवानांची खरी नावं त्यांच्या तोंडात बसत नसत, म्हणून त्यांनी सगळ्यांचं बारसं करून टाकलं होतं. एक "हेडमास्तर", एक "दूधवाला", एक कायम रडवेल्या चेहऱ्याचा तो "नववी ब". समोरचा अंगावर धावून आला की झटकन बाजूला सरून त्याला तोंडावर पाडणारे काही असतात. नियमात बसतं ते, पण वहिनींचा पारा चढायचा. "कॉपी! कॉपी केली यानं! उभा राहा बाकावर!" हे कोकिळाबेनना भिंतीपलीकडे ऐकू जायचं. सगळ्यात वरचा पैलवान एखाद्या किरकोळ गड्याकडून हरला की तिथले प्रेक्षक बसायच्या गाद्या आखाड्यात भिरकावतात. वहिनींनीही एकदा सोफ्यावरची उशी भिरकावली, ती माझ्या डब्यात पडली. "भाऊजी, वरण पुसून घ्या, पण तो बघा, जिंकला तरी तोंडावर काही आहे का? आमच्याकडे पोरगं पस्तीस टक्क्यांनी सुटलं की बँड लावतात."

त्यांचा सगळ्यात लाडका होता "मास्तर". वयानं बराच मोठा, दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या, एकेकाळी मानाच्या जागेवर असलेला. दर स्पर्धेत तो थोडा खाली घसरायचा. वहिनी म्हणायच्या, "याला कुणी सांगत कसं नाही, बाबा, पुरे कर?" आणि लगेच स्वतःच उत्तर द्यायच्या, "सांगू नये. त्याचं त्यानं सांगावं." एका स्पर्धेत मधल्याच दिवशी त्यानं निवृत्ती जाहीर केली. वहिनी त्या दिवशी ओरडल्या नाहीत. काही महिन्यांनी त्याच्या निरोपाचा सोहळा दाखवला, तो मात्र त्यांनी मला शेजारी बसवून पूर्ण बघायला लावला. निवृत्त होणारा पैलवान खुर्चीवर ताठ बसतो. आप्त, मित्र, चाहते रांगेनं येतात आणि त्याच्या बुचड्याचा एकेक केस, फार तर बट, कात्रीनं कापतात. शेवटची कात्री त्याच्या गुरूची. ती चालली की बुचडा सुटतो आणि तो माणूस पैलवान राहत नाही. मास्तर ओक्साबोक्शी रडत होता. मी म्हणालो, "रांगेची व्यवस्था उत्तम ठेवलीय." वहिनींनी माझ्याकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला.

त्यानंतर वर्षभरात वहिनींचा जुना कर्करोग उलटला. पूर्वी शस्त्रक्रियेवर भागलं होतं, या वेळी यकृतात पसरला होता. डॉक्टर म्हणाले, किमो देऊन बघू, किती उपयोग होईल ते आत्ता सांगता येत नाही. निखिल, त्यांचा एकुलता एक मुलगा, रोज व्हिडिओवर यायचा. "आई, द्यायचीच. काका, तुम्ही तारीख घ्या." मी तारीख घेतली, फाइल लावली, कोणत्या दिवशी कोण सोबत थांबणार ते ठरवलं. वहिनींना विचारलं की त्या म्हणत, "बघू." मी त्याला होकार धरलं. घरात सगळ्यांनीच धरलं.

तारखेच्या आधीच्या आठवड्यात त्या म्हणाल्या, "भाऊजी, केस कापून घेते. रविवारी सगळ्यांना बोलवा." मला पटलं. औषधानं गळायचेच आहेत, आधीच कापलेले बरे. पुष्कळ बायका तसं करतात. निखिलला कळवू का, असं विचारलं, तर म्हणाल्या, "त्याची तिकडे रात्र असते. झोपू दे." मी खुर्च्या मागवल्या, कुणी कुणाच्या मागून यायचं ते ठरवलं, चहाचं सांगितलं. वहिनी मधल्या खुर्चीवर ताठ बसल्या, वेणी पाठीवर मोकळी सोडलेली. खालच्या मजल्यावरच्या सिंधूताई धुळ्याकडच्या, घरी साड्यांचे धागे कापायचं काम करतात. त्यांचीच छोटी कात्री आणली होती. पण पहिल्यांदा त्यांनीच हात मागे घेतला.

"माय वं, आसं कोनी करस का? बाईमानसाचे केस... तेबी नवरा गेलेल्या!"

"सिंधू, पूर्वी नवरा गेला की बाईचे केस लोक कापायचे. तिला विचारायचं नाही कुणी," वहिनी म्हणाल्या. "मी सगळ्यांना चहाला बोलावून कापून घेतेय. फरक आहे की नाही? चल, कर सुरुवात. थोडेच काप, बाकीच्यांना उरले पाहिजेत."

मग हसू फुटलं आणि रांग पुढे सरकली. सिंधूताई, वहिनींच्या जुन्या विद्यार्थिनी, माझी बायको. कोकिळाबेन कशाबशा चार केस कापून डोळे पुसत बाजूला झाल्या. मी कडेला उभा राहून पुढचं नाव पुकारत होतो. शेवटी वहिनी म्हणाल्या, "आता तुम्ही. शेवटची तुमची."

मी कात्री घेतली, वेणीला लावली आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ताठ खुर्ची, रांग, शेवटची कात्री... हे सगळं मी पाहिलं होतं, आणि आज तेच मी स्वतः मांडून दिलं होतं.

"वहिनी," मी हळूच म्हणालो, "बुधवारी जायचंय ना आपल्याला?"

"नाही."

"निखिलला काय सांगू?"

"सांगा, आई रिटायर झाली." आवाज नेहमीचाच होता, फक्त हळू. "भाऊजी, मला त्या खाटेवर नळ्या लावून पडायचं नाही. इथं पडेन. तुम्ही नाही म्हणालात तर मी बुधवारी येईन, तुमच्याशी भांडायची ताकद नाही माझ्यात. पण मनातून विचारत असाल तर... कापा."

खोलीत बाकीच्यांना काही कळलं नव्हतं. चहाचे कप वाजत होते. वहिनींनी मान पुढे केली आणि थांबल्या. मी इतक्या वर्षांत इतक्या कागदांवर सह्या केल्या, पण हात एवढा जड कधी झाला नव्हता. वेणी जाड होती, एका कात्रीत तुटली नाही. दाबून दाबून कापावी लागली.

सोमवारी मी दवाखान्यात फोन करून तारीख रद्द केली आणि निखिलला वहिनींचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. त्यानंतर वहिनी एक अख्खी स्पर्धा आणि दुसरीची सुरुवात बघू शकल्या, आखूड केसांत, दुखणं कमी करायच्या औषधांवर, आवाज खाली गेलेला. शेवटी शेवटी त्या "कॉपी" एवढंच पुटपुटत.

निखिल अंत्यविधीला पोहोचला, त्यानं सगळं रीतसर केलं, माझ्याशी मात्र कामापुरतंच बोलला. तो घर आवरायला थांबला होता, मी रोज दुपारी मदतीला जात होतो. परवा भांड्यांच्या खोक्याला चिकटपट्टी लावता लावता त्यानं विचारलं, "काका, मला आधी का नाही सांगितलं? निदान फोनवर तरी घ्यायचं. माझ्या वाट्याची एक कात्री नव्हती का?"

"मलाही आधी माहीत नव्हतं," मी म्हणालो. "पण तुझ्या आईला तुझा स्वभाव माहीत होता. तुला सांगितलं असतं तर तू कापू दिलं असतंस?"

त्यानं डोक्यावर हात फिरवला. दहाव्याच्या मुंडनानंतरचे केस आता कुठे खुरटे दिसायला लागले होते.

"नाही," तो म्हणाला.

मग त्यानं पट्टीचं टोक धरलं, मी खोकं दाबून धरलं. जेवणाची वेळ टळून गेली होती, टीव्ही बंद होता. खालच्या गल्लीतले माग एका लयीत खटखटत होते, आणि वहिनींच्या या खोलीत दुपारी मागांचा आवाज इतका स्पष्ट येतो, हे मला पहिल्यांदाच कळलं.